हरलेल्या माणसांचा नट

नाटक-सिनेमावाल्यांत एक जुनं शहाणपण सांगतात: लहान मुलं आणि कुत्री यांच्याबरोबर काम करू नये. तुम्ही कितीही घाम गाळा, भाव तीच खाऊन जातात. गेब्रियल बर्न या आयरिश नटाच्या नावावर या यादीतली एक भर सांगितली जाते. लहान मुलं, कुत्री आणि डेनहोम एलियट. बर्नला असं म्हणायचा हक्क होता. १९८५च्या 'डिफेन्स ऑफ द रेल्म'चा तो नायक. जवळजवळ प्रत्येक प्रसंगात तोच. एलियट त्यात एक म्हातारा, दारूत बुडालेला पत्रकार, तोही शेवटापर्यंत न टिकणारा. बाफ्टा, म्हणजे ब्रिटिश सिनेमाचं मानाचं पारितोषिक, मात्र त्या पत्रकाराला मिळालं.

नाव ओळखीचं वाटत नसेल, पण चेहरा तुम्ही पाहिलेला आहे. इंडियाना जोन्सचा मित्र, वस्तुसंग्रहालयवाला मार्कस ब्रॉडी. 'लास्ट क्रुसेड'मध्ये इंडियाना शत्रूला ऐटीत बजावतो, की ब्रॉडी तुमच्या हाती लागणं शक्य नाही. त्याला डझनभर भाषा येतात, जिथे जाईल तिथल्या लोकांत तो मिसळून जातो. पुढच्याच क्षणी पडद्यावर तुर्कस्तानच्या बाजूचं एक गजबजलेलं स्टेशन, आणि हॅट-कोट घातलेला ब्रॉडी गर्दीत केविलवाणेपणाने विचारतोय की इथे कोणाला इंग्रजी येतं का. थिएटर फुटतं. हा माणूस एकदा स्वतःच्याच म्युझियममध्ये हरवला होता, हेही आपल्याला मागाहून कळतं. (भारतात घडणाऱ्या दुसऱ्या भागात ब्रॉडी नाही. माकडाच्या मेंदूच्या त्या भयाण मेजवानीला आपण नव्हतो याचं त्याला बरंच वाटलं असेल, असं मी धरून चालते.)

ब्रॉडी मला आवडतो, पण त्याच्यामुळे मी एलियटच्या मागे लागले नाही. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या ब्रिटिश लायब्ररीतून सीडी-डीव्हीडी आणून पाहायचे दिवस होते. एकामागून एक इंग्रजी सिनेमे पाहताना हा गृहस्थ सारखा आडवा यायचा. कधी बटलर, कधी डॉक्टर, कधी बदफैली मेजर, कधी देवभोळा बाप. डोळ्यांखाली पिशव्या, विस्कटलेल्या भुवया, आणि ओठांच्या कोपऱ्यात आधीच माफी मागून ठेवल्यासारखं हसू. हळूहळू लक्षात आलं की वेष कुठलाही असो, माणूस एकाच जातकुळीचा आहे. आयुष्यात कधीतरी हरलेला. आणि आपण हरलोय हे स्वतःला पक्कं ठाऊक असलेला.

असा माणूस रंगवायचा म्हटला की नट सहसा दोनपैकी एक वाट धरतात. एक तर प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणतात, नाहीतर त्याचं माकड करतात. एलियटचा हरलेला माणूस टायची गाठ नीट करतो, ग्लास बेतानं खाली ठेवतो, समोरच्याला आधी बसायला सांगतो. त्याची रीतभात शाबूत असते. पडझड झालेल्या वाड्यात रोज सांजवात लावावी तशी. तेवढ्यानेच ते पाहणं जड जातं.

हे कुठून आलं असावं याचा शोध घेताना त्याच्या तरुणपणापाशी थांबावंच लागतं.

डेनहोम मिचेल एलियट, जन्म ३१ मे १९२२, लंडन. शिक्षण माल्व्हर्नच्या निवासी शाळेत, म्हणजे पैसेवाल्या घरातली मुलं जातात तसल्या शाळेत. नंतर लंडनच्या राडा या नामांकित नाट्यशाळेत दाखल झाला, आणि थोड्याच दिवसांत बाहेर पडला. शाळेने आईला पत्र पाठवलं होतं. मुलगा गोड आहे, पण तुमचे पैसे आणि आमचा वेळ वाया जातोय, घेऊन जा, अशा अर्थाचं. हा किस्सा एलियट स्वतःच रंगवून सांगायचा. पुढे ज्याला बाफ्टाने सलग तीन वर्षं गौरवलं, त्याला नाट्यशाळेने धड एक वर्षही ठेवून घेतलं नव्हतं.

मग युद्ध आलं. एलियट हवाई दलाच्या बॉम्बर कमांडमध्ये भरती झाला. काम वायरलेस ऑपरेटर आणि तोफची, म्हणजे विमानातला बिनतारी संदेशवाला आणि वेळ पडली तर बंदूकवाला. ७६ क्रमांकाची स्क्वाड्रन, हॅलिफॅक्स जातीचं चार इंजिनांचं बॉम्बर. २३ सप्टेंबर १९४२च्या रात्री फ्लेन्सबर्ग इथल्या जर्मन पाणबुड्यांच्या तळावर हल्ला करायला निघालेलं त्याचं विमान विमानविरोधी तोफांच्या माऱ्यात सापडलं आणि झिल्ट बेटाजवळ उत्तर समुद्रात उतरलं. उतरलं कसलं, कोसळलं. सगळे वाचले नाहीत. एलियट वाचला. तेव्हा तो वीस वर्षांचा होता.

युद्ध संपेपर्यंतचा काळ सायलेशियातल्या लाम्सडोर्फच्या युद्धकैदी छावणीत गेला. आज ते गाव पोलंडमध्ये आहे. तारेच्या कुंपणाआड हजारो तरुण, अर्धपोटी, उद्याचा भरवसा नसलेले. तिथे या नापास विद्यार्थ्याने नाटकं सुरू केली. मंडळी इतकी जमली की त्यांनी शेक्सपियरचं 'ट्वेल्फ्थ नाईट' दुसऱ्या छावण्यांतही नेऊन केलं. कैद्यांनी कैद्यांसाठी केलेला नाटकाचा दौरा. बायकांची कामं अर्थात पुरुषांनीच करायची. आपल्याकडे बालगंधर्वांच्या काळापर्यंत नाटकमंडळ्या जे करत होत्या, तेच तिथे गरज म्हणून झालं.

मला या छावणीचं फार कुतूहल आहे. समोर बसलेल्या प्रत्येक प्रेक्षकाने त्या वर्षात काही ना काही गमावलेलं असणार, आणि तो संध्याकाळी दोन तास विनोदी नाटक बघायला रांगेत बसतोय. अशा प्रेक्षकांसमोर खोटं चालत नाही. अभिनयाच्या पद्धतींवर, तपशिलांचा कीस काढणाऱ्या स्टॅनिस्लाव्हस्की पंथावर एलियटचा पुढे कधी विश्वास बसला नाही. त्याचं सगळं अंतःप्रेरणेवर चालायचं. कुठे शिकलास असं विचारलं असतं, तर त्याला लाम्सडोर्फचंच नाव घ्यावं लागलं असतं असं मला वाटतं. हे माझं मत, त्याचं म्हणणं नव्हे.

युद्धानंतरची सुरुवात झकास होती. १९५० साली लॉरेन्स ऑलिव्हिएबरोबर क्रिस्टोफर फ्रायच्या नाटकात तो रंगमंचावर होता, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्येही काम करून शाबासकी घेऊन आला. सडसडीत, देखणा, शुद्ध वाणीचा, चांगल्या घरातला दिसणारा तरुण. तेव्हाच्या ब्रिटिश सिनेमाला असेच तरुण लागायचे. डेव्हिड लीनच्या १९५२च्या 'द साउंड बॅरियर'मध्ये त्याला विमान कारखानदाराच्या मुलाचं काम मिळालं. या मुलाला उडायची भीती वाटते, बापाला खूश करायला म्हणून तो शिकतो, आणि एकट्याने केलेल्या पहिल्याच उड्डाणात मरतो. पुढच्या वर्षी 'द क्रुएल सी'मध्ये तो नौदलातला अधिकारी झाला, बायकोने फसवलेला, शेवटी थंडगार समुद्रात जीव सोडणारा. विमानातून समुद्रात पडलेल्या माणसाला सिनेमाने आधी विमानातून पाडलं आणि मग समुद्रात बुडवलं. त्या काळच्या निर्मात्यांच्या हे लक्षात तरी आलं होतं का, कोण जाणे.

इथवर सगळं ठीक. पण या जातीच्या तरुणाची मागणीच पुढच्या चार-पाच वर्षांत संपली.

८ मे १९५६ला लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये जॉन ऑस्बर्नच्या 'लुक बॅक इन अँगर'चा पहिला प्रयोग झाला. भाड्याच्या खोलीत बायको इस्त्री करतेय आणि नवरा जगावर तोंडसुख घेतोय. इंग्रजी रंगभूमीच्या दिवाणखान्यातली शॅम्पेनची बाटली उचलली गेली आणि इस्त्रीचं टेबल आलं. त्याच वर्षी सुएझ कालव्याच्या भानगडीत ब्रिटनची जगासमोर फजिती झाली. साम्राज्य संपल्याचं दाराबाहेरच्या लोकांना आधीच कळलेलं होतं, आता घरातल्यांनाही कळलं. सिनेमात अल्बर्ट फिनी, टॉम कोर्टनी यांच्यासारखे कामगार वस्तीतले चेहरे आले, त्यांची बोली आली. एलियटसारख्या नेमस्त, नीट उच्चारांच्या तरुणांना अचानक जुन्या फर्निचरची कळा आली. पन्नाशीच्या दशकाची अखेर त्याला बरीच रिकामी गेली.

अशा वेळी बरेच जण कटू होतात. तिकडचेही आणि आपल्याकडचेही. आमच्या काळी, म्हणून सुरुवात करतात आणि थांबत नाहीत. एलियटने वेगळंच केलं. ज्या वर्गाचा बाजार उठला, त्याच वर्गाचा उतरलेला, उसवलेला, उधारीवर जगणारा नमुना त्याने रंगवायला घेतला. सभ्य इंग्रज गृहस्थाचं पात्र पडद्यावरून हद्दपार होत असताना, हद्दपार झालेला गृहस्थ म्हणून तो परत आला.

तो वळणबिंदू म्हणजे १९६४चा 'नथिंग बट द बेस्ट'. ॲलन बेट्स त्यात जमीनजुमल्याचे व्यवहार करणाऱ्या कंपनीतला महत्त्वाकांक्षी कारकून आहे. त्याला वरच्या वर्गात शिरायचंय, पण तिथे कसं बोलायचं, काय प्यायचं, कोणत्या गोष्टीला नाक मुरडायचं हे ठाऊक नाही. त्याला गाठ पडतो चार्ली प्रिन्स, म्हणजे एलियट. मोठ्या घरातला, घरच्यांनी टाकलेला, खोट्या सह्या करणारा, दिवसाढवळ्या झिंगलेला. तो बेट्सला शिकवणी देतो. माहीत नसलेल्या विषयावर मत कसं ठोकायचं, उद्धटपणा किती आणि केव्हा. एलियट हे सगळं अर्धवट आडवा पडून, जांभई देत सांगतो. ज्ञान फुकट वाटायला त्याची ना नाही, कारण त्या ज्ञानाने त्याचं स्वतःचं काही भलं झालेलं नाही. शिकवणी पुरी झाल्यावर शिष्य गुरूचा गळा आवळतो, आणि तोही शाळेच्या टायने. इंग्लंडमध्ये शाळेचा टाय म्हणजे नुसता कापडाचा पट्टा नाही, तो दाखला आहे. ज्या दाखल्यावर चार्ली आयुष्यभर उधारी करत आला, त्यानेच त्याचा जीव घेतला. सिनेमा बेट्सचा आहे, पण चार्ली मेल्यावर पुढचा भाग मला जरा ओसाडच वाटतो.

दोन वर्षांनी 'अल्फी' आला. मायकेल केनला तारा करणारा सिनेमा. एलियट त्यात काही मिनिटांपुरता आहे. इंग्लंडमध्ये तेव्हा गर्भपात बेकायदा होता, परवानगी देणारा कायदा १९६७ साली झाला. अल्फीच्या खोलीवर चोरून गर्भपात करणारा एक माणूस येतो. राक्षस किंवा देवदूत, दोन्ही पर्याय नटाला मोकळे होते. एलियट येतो तो वसुलीला आलेल्या कारकुनासारखा. आवाज कोरडा, वाक्यं पाठ झालेली. पैशाची बोलणी उरकण्याची घाई आहे, आणि त्या घाईच्या आड कधीकाळी हा माणूस वेगळा असेल, त्याच्या दारावर पाटी असेल, याचा पुसट माग राहतो. संवादात यातलं काही नाही. तो निघून गेल्यावर आपल्याला खोलीची खिडकी उघडावीशी वाटते.

इथे एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. या माणसाने वाईट सिनेमेही ढिगाने केले. १९७१ साली 'पर्सी' नावाचा सिनेमा आला होता. पुरुषाच्या त्या अवयवाच्या प्रत्यारोपणावरचा विनोदी सिनेमा. एलियट त्यात शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर. पुढे त्याचा दुसरा भाग निघाला, तर त्यातही हा हजर. भुताखेतांचे, रक्ताने माखलेले स्वस्त सिनेमे वेगळेच. दुय्यम भूमिका करणाऱ्या नटाचं अर्थकारण असंच असतं. नायक दोन वर्षं चांगल्या पटकथेची वाट बघू शकतो. त्याला घरी बसूनही नायकच म्हणतात. दुय्यम नट घरी बसला की त्याला बेकार म्हणतात. आपल्याकडे नाटकाचे दौरे, मालिका, डबिंग यांची मोट बांधून जगणाऱ्या नटांना हे वेगळं सांगायला नको. नवल एवढंच की त्या गाळातही एलियट पाट्या टाकताना दिसत नाही. 'पर्सी'मध्येसुद्धा तो चेहरा गंभीर ठेवून काम करतो, आणि सिनेमात हसण्यासारखं जे काही आहे ते तेवढंच.

आता त्या कामाकडे येते ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

१९७६च्या नाताळात बीबीसीने चार्ल्स डिकन्सच्या 'द सिग्नलमन' या भूतकथेवर एक छोटी फिल्म दाखवली. लांबी जेमतेम ४० मिनिटं. दिग्दर्शक लॉरेन्स गॉर्डन क्लार्क. डिकन्सने मूळ कथा १८६६ साली लिहिली, आणि त्याच्या आदल्याच वर्षी केंट परगण्यात स्टेपलहर्स्टला झालेल्या भीषण रेल्वे अपघातातून तो स्वतः वाचला होता. कथेत डोंगर कापून काढलेल्या खोल चरात, बोगद्याच्या तोंडाशी, एक सिग्नलवाला एकटा राहतो. भिंती ओल्या, ऊन फारसं खाली पोचत नाही. वरून एक प्रवासी हाक मारतो, खाली उतरतो, आणि दोघे शेकोटीपाशी बोलत बसतात. सिग्नलवाला सांगतो की बोगद्यापाशी त्याला एक आकृती दिसते. एक हात चेहऱ्यावर आडवा, दुसरा जिवाच्या आकांताने हलवत. ती दिसली की अपघात होतो.

भूतकथा म्हणून ती उत्तम आहेच. पण डिकन्सने या सिग्नलवाल्याला एक भूतकाळ दिला आहे. तरुणपणी तो विज्ञान शिकत होता, व्याख्यानांना जायचा. मग वाहवला, आलेल्या संधी घालवल्या, खाली आला आणि पुन्हा वर चढला नाही. त्याबद्दल त्याची तक्रार नाही. केलं तसं भरतोय, एवढंच. एलियटने अख्खी भूमिका या चार ओळींवर उभी केली आहे. पाहुणा आल्यावर तो बोलतो ते शिकलेल्या माणसासारखं, शब्द निवडून, आणि मध्येच थबकतो, जणू इतकं बोलायची सवय मोडली आहे. पाहुण्याला 'सर' म्हणताना त्याचा आवाज किंचित चाचरतो. एके काळी आपणही या माणसाच्या बरोबरीने बसलो असतो, हे त्या चाचरण्यात येतं आणि जातं.

मग घंटा. केबिनमधली तारेची घंटा वाजते ती फक्त त्यालाच ऐकू येते. पाहुण्याला काहीच ऐकू येत नाही. एलियट बोलता बोलता मान वळवून घंटेकडे पाहतो. त्या पाहण्यात दचकणं नाही. डोळे विस्फारणं वगैरे तर नाहीच. ड्यूटीवरचा माणूस ज्या नजरेने पाहील तसंच तो पाहतो: वाजली असेल तर उत्तर द्यायला हवं. भीती नंतर येते, पाहुण्याच्या चेहऱ्यावर ती वाचल्यावर. आपल्याला वेड लागलंय का, हा प्रश्न तो स्वतःला विचारत नाही. पाहुण्याला विचारायचं त्याच्या ओठांवर येतं, आणि तो गिळतो. त्याला खरी धास्ती भुताची नाही. काहीतरी घडणार आहे, इशारा आपल्याला मिळालाय, आणि लाल दिवा दाखवायला कारण काय द्यायचं हे कळत नाही, याची आहे. धोक्याचा संदेश पाठवला तर वरचे विचारतील, कुठला धोका? एका कनिष्ठ, जबाबदार, कोणी न विचारणाऱ्या नोकरदाराचा हा पेच एलियटने भूतकथेच्या पोटातून बाहेर काढला. बिनतारी संदेशवाला म्हणून रात्रीच्या आभाळात कानाला यंत्र लावून बसलेला पोरगा मला त्या केबिनमध्ये दिसतो. पुरावा काही नाही, पण दिसतो खरा.

त्याच वर्षी डेनिस पॉटरचं 'ब्रिमस्टोन अँड ट्रीकल' हे टीव्हीनाट्य त्याने केलं. बीबीसीच्या साहेबांना ते सोसवलं नाही. प्रक्षेपणाच्या तोंडावर ते रोखलं गेलं आणि १९८७पर्यंत डब्यात पडून राहिलं. मधल्या काळात, १९८२ साली, त्याच कथेचा सिनेमा निघाला तेव्हा बापाची तीच भूमिका पुन्हा एलियटनेच केली. मला त्याचं कौतुक आहे, पण ते नाटक पुन्हा पाहायची माझी तयारी नाही.

ऐंशीचं दशक मात्र त्याचंच. साठीला टेकलेला माणूस, आणि सहाय्यक अभिनेत्याचं बाफ्टा सलग तीन वर्षं त्याच्या घरी: 'ट्रेडिंग प्लेसेस', 'अ प्रायव्हेट फंक्शन', 'डिफेन्स ऑफ द रेल्म'. मधल्या सिनेमात तो रेशनिंगच्या काळातला एक खवट डॉक्टर आहे आणि चोरून पोसलेल्या डुकरावरून चाललेल्या गोंधळात सगळ्यांना तुच्छ लेखत फिरतो. मजेदार आहे, पण ते काम झोपेतही जमेल असं त्याने केलंय. पहिल्यातलं तसं नाही.

'ट्रेडिंग प्लेसेस'मध्ये दोन गर्भश्रीमंत म्हातारे पैज लावतात आणि वायदेबाजारातल्या एका दलालाला रस्त्यावर आणून त्याच्या जागी रस्त्यावरच्या भामट्याला बसवतात. एडी मर्फी आणि डॅन ॲक्रॉइड असे दोन आगीचे बंब असताना तिसऱ्याकडे कोण बघणार? एलियट त्यात घरचा बटलर, कोलमन. मालक बदलला की इमान बदलायचं, हा त्याला हुकूम आहे. दलाल चुरगळलेल्या अवस्थेत स्वतःच्याच घराच्या दारात येतो, किल्ली लागत नाही, दार कोलमन उघडतो. आणि तोंडावर सांगतो की मी तुम्हाला ओळखत नाही. शब्द बटलरचे, स्वर बटलरचा, चेहरा इस्त्रीचा. फक्त दार लावायला तो एखादा क्षण जास्त घेतो. तेवढ्यात आपल्याला कळतं की सिनेमात गुन्हा घडतोय हे जाणणारा हा एकटाच शुद्धीवरचा माणूस आहे, आणि त्याला पगार मिळतोय. शेवटी उलटवार करायचं ठरतं तेव्हा हाच कोलमन आयुष्यभराची शिल्लक काढून देतो. धांदलीच्या विनोदी सिनेमात या माणसाने लाज नावाची गोष्ट आणून ठेवली.

मग 'अ रूम विथ अ व्ह्यू'. या सिनेमात आपला एक धागा आहे: निर्माता इस्माईल मर्चंट, मुंबईत जन्मलेला, आपल्या हातच्या बिर्याणीवर युनिट खूश ठेवणारा. फ्लॉरेन्समधल्या इंग्रज प्रवाशांच्या खाणावळवजा लॉजमध्ये रात्रीचं जेवण चाललंय. दोन बायका कुरकुरतायत की आम्हाला नदीकडची खोली कबूल केली होती आणि मिळाली मागच्या अंगाची. पलीकडून मिस्टर एमर्सन, म्हणजे एलियट, मध्येच बोलतो. आमच्या खोलीतून नदी दिसते, तुम्ही घ्या. टेबल गारठतं. अनोळखी बायकांशी असं थेट बोलणं, तेही चांगुलपणाने, म्हणजे असभ्यतेची हद्द. एलियट हातातला काटा हलवत आपला मुद्दा लावून धरतो, त्याला समजतच नाही की गुन्हा काय झाला. आयुष्यभर रीतभातीत अडकलेली माणसं रंगवलेल्या नटाला अखेर रीतभात न मानणारा माणूस मिळाला, आणि त्याने तो इतक्या मोकळेपणी केला की हा तोच का, असं वाटावं.

या भूमिकेसाठी त्याला ऑस्करचं नामांकन होतं. १९८७च्या त्या रात्री बक्षीस लागलं मायकेल केनला. 'अल्फी'तला तोच केन. तो समारंभाला आलाही नव्हता. बहामात 'जॉज'च्या चौथ्या भागाचं चित्रीकरण करत होता. पोटासाठी भाकड सिनेमे करणं एलियटचीच मक्तेदारी नव्हती म्हणायची.

त्याच १९८७ साली त्याला एचआयव्हीचं निदान झालं. ब्रिटनमध्ये त्या वर्षी सरकारने घरोघरी एड्सची पत्रकं वाटली होती आणि वर्तमानपत्रं कोण आजारी आहे याच्या मागावर होती. एलियटने काम थांबवलं नाही. 'लास्ट क्रुसेड'मधला तो गोंधळलेला, लोकांना पोट धरून हसवणारा ब्रॉडी या निदानानंतरचा आहे. त्याच सुमारास 'बँकॉक हिल्टन' या मालिकेत त्याने निकोल किडमनच्या बापाचं काम केलं. लाजेपायी नाव-गाव टाकून जगणारा बाप. व्हर्जिनिया मॅकेना या नटीशी १९५४ साली झालेलं त्याचं पहिलं लग्न काही महिन्यांतच मोडलं होतं. १९६२ साली सुझन रॉबिन्सनशी झालेलं दुसरं शेवटपर्यंत टिकलं, आणि ते कसं टिकलं हे तिने त्याच्यामागे चरित्रात मोकळेपणी लिहिलं. त्याचे पुरुषांशी असलेले संबंध, तिचं ते माहीत असणं, सगळंच. मला त्या लग्नाची बाहेरून चिकित्सा करायची नाही. तो ६ ऑक्टोबर १९९२ला स्पेनमधल्या इबिझा बेटावर, आपल्या घरी वारला तेव्हा ती सोबत होती, आणि नंतर तिने त्याच बेटावर एचआयव्हीबाधितांसाठी त्याच्या नावाने काम उभं केलं. तो गेल्यावर इस्माईल मर्चंट म्हणाला होता की त्याला इतर नटांबद्दल माया होती, आणि आमच्या धंद्यात हे दुर्मीळ आहे.

त्याच वर्षी, त्याच्या मृत्यूच्या काही महिने आधी, 'नॉइजेस ऑफ' प्रदर्शित झाला होता. एका फार्साच्या फिरत्या प्रयोगाची विंगेतून दिसणारी दैना. दिग्दर्शकाच्या भूमिकेत पुन्हा मायकेल केन. एलियट त्यात सेल्स्डन मोब्रे, म्हातारा नट, ज्याला बाटलीपासून दूर ठेवण्यात अख्खी कंपनी गुंतलेली आहे आणि ज्याची एन्ट्री आली की सगळे एकच विचारतात: सेल्स्डन कुठे आहे? त्याचं काम खिडकी फोडून आत येणाऱ्या चोराचं. काच फुटल्याचा आवाज येतो, माणूस येत नाही. नाहीतर माणूस भलत्याच वेळी येतो.

कोणी विचारलं की त्याचं काय पाहावं, तर मी 'सिग्नलमन'पासून सुरुवात करायला सांगते, रात्री, एकटीने किंवा एकट्याने, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. नंतर 'नथिंग बट द बेस्ट'. 'ट्रेडिंग प्लेसेस' बहुतेकांनी पाहिलेला असतोच. तो दुसऱ्यांदा लावलात तर मर्फी बोलत असताना मागे ट्रे धरून उभा असलेल्या माणसाकडे बघत राहा. 'पर्सी'चे दोन्ही भाग सोडून दिले तरी चालतील.